कॅमेरा आहे, साक्षीदार नाही
('व्ही/एच/एस : व्हायरल' या भयपटाच्या निमित्ताने)

भयपट या प्रकाराकडे आपल्या समाजात आदराने पाहिले जात नाही. धर्मनिष्ठ कुटुंबात तर त्याचे नाव निघाले की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते. ही आठी सर्वस्वी अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ख्रिस्तसभेने भीतीच्या कलेकडे सरसकट पाठ फिरविलेली नाही, हेही नमूद केले पाहिजे. १९९५ साली सिनेमाच्या शताब्दीच्या निमित्ताने व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्कविषयक परिषदेने पंचेचाळीस उल्लेखनीय चित्रपटांची एक यादी प्रसिद्ध केली. त्या यादीत कलेच्या सदराखाली मुर्नाउ या जर्मन दिग्दर्शकाच्या १९२२ सालच्या 'नोस्फेरातू'चा समावेश होता. रक्तपिपासू पिशाच्चाची ती कथा भयपटांची आद्य जननी मानली जाते. त्याआधी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 'इंतेर मिरिफिका' या आदेशपत्राने स्पष्ट केले होते, की दुष्टाव्याच्या चित्रणातून माणसाची अधिक खोल ओळख होऊ शकते आणि सत्य व सद्गुण यांची थोरवी अधिक उठून दिसू शकते. मात्र त्या चित्रणाने नैतिक संयम सोडता कामा नये. तेव्हा एखाद्या भयपटाचा विचार करताना तो भयपट आहे, एवढ्यावर त्याला दोषी ठरविणे योग्य नव्हे. त्याने दाखविलेल्या भीतीतून माणूस किती उमगला, हे पाहावे लागते.

या कसोटीवर २०१४ साली आलेला 'व्ही/एच/एस : व्हायरल' हा अमेरिकन चित्रपट आम्ही तपासू इच्छितो. इतक्या वर्षांनी त्याच्याविषयी लिहिण्याचे कारण आहे. या मालिकेचा पहिला चित्रपट २०१२ मध्ये व दुसरा २०१३ मध्ये आला, आणि दोन्ही प्रथम सनडान्स महोत्सवात दाखविले गेले. तिसऱ्याने मात्र रसिकांची अशी काही निराशा केली, की मालिका सात वर्षे थंडावली. २०२१ पासून ती पुन्हा सुरू झाली असून एकामागून एक नवे भाग येत आहेत. नवा भाग पाहिलेला तरुण मुलगा मागील भाग शोधू लागतो, आणि ते पाहण्यास त्याला चित्रपटगृहात जावे लागत नाही. आपल्या घरातल्या मुलांच्या तळहातावर जे येऊन पोहोचते, त्याविषयी जाणतेपणाने बोलणे हे पालकांचेही काम आहे आणि समीक्षकाचेही.

प्रथम या प्रकाराचे स्वरूप समजून घेऊ. इंग्रजीत ज्याला 'फाउंड फुटेज' म्हणतात, तो म्हणजे 'सापडलेल्या चित्रफितीचा' चित्रपट. कथेतील पात्रांनीच कॅमेरा हाती धरून चित्रण केले, पुढे त्यांचे काही बरेवाईट झाले आणि मागे राहिलेली फीत आता आपण पाहत आहोत, अशी त्यामागची कल्पना असते. १९९९ सालच्या 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' या चित्रपटाने हा प्रकार जगभर लोकप्रिय केला. डॅनियल मिरिक आणि एदुआर्दो सांचेझ यांनी अत्यल्प खर्चात काढलेल्या या चित्रपटाने जगभरात चोवीस कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. साहजिकच निर्मात्यांना हा प्रकार स्वस्त आणि किफायतशीर वाटू लागला. परंतु तो दिसतो तितका सोपा नाही. या प्रकाराचा प्रेक्षकाशी एक अलिखित करार असतो. कॅमेरा कोणाच्या हाती आहे? संकट समोर उभे असताना तो माणूस कॅमेरा खाली का ठेवीत नाही? आणि ही फीत आपल्यापर्यंत आली कशी? या तीन प्रश्नांची उत्तरे जो चित्रपट देतो, त्यावर आपला विश्वास बसतो. विश्वास बसला, तरच भीती वाटते.

'ब्लेअर विच'मधील तीन विद्यार्थी मेरिलंडच्या जंगलात वाट चुकतात. हेदर ही तरुणी अखेरपर्यंत कॅमेरा सोडत नाही. भिंगातून पाहिले की समोरचे जग थोडे दूरचे, थोडे खोटे वाटते आणि सोसवते, असे तिच्या सोबत्याच्याच ध्यानात येते. पुढे एका रात्री ती कॅमेरा स्वतःच्या चेहऱ्याकडे वळविते आणि सोबत्यांच्या मातांची क्षमा मागते. हा हट्ट माझा होता, या मुलांना मीच येथे आणले, अशी ती कबुली आहे. पापनिवेदनाची ज्यांना सवय आहे, अशा आपल्यासारख्यांना तो प्रसंग विशेष भिडतो. २००७ सालच्या 'रेक' या स्पॅनिश चित्रपटात बार्सिलोनातील एका इमारतीत अडकलेली दूरचित्रवाणीची वार्ताहर आपल्या छायाचित्रकाराला चित्रण थांबवू नकोस असे सांगते, कारण शासनाने इमारतीचे दरवाजे बाहेरून बंद केले आहेत आणि आत काय घडले याचा दुसरा पुरावा उरणार नाही. दोन्ही ठिकाणी कॅमेरा धरणारा माणूस साक्षीदार आहे. साक्ष या शब्दाचे मोल ख्रिस्ती माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. ज्या ग्रीक शब्दाचा अर्थ साक्षीदार, त्याच शब्दापासून रक्तसाक्षींना 'मार्टर' हे नाव मिळाले. साक्षीदार घटनेच्या बाहेर उभा राहत नाही. जे पाहिले, त्याची किंमत तो स्वतः मोजतो.

आता प्रस्तुत चित्रपटाकडे वळू. यात तीन स्वतंत्र कथा असून त्यांना गुंफणारी एक चौथी कथा आहे. ही चौथी, म्हणजे 'व्हिशस सर्कल्स', मार्सेल सार्मिएन्टो यांनी दिग्दर्शित केली आहे. लॉस एंजेलिसमधील केविन हा तरुण आपल्या प्रेयसीचे, आयरिसचे, अहोरात्र चित्रण करीत असतो. एके रात्री पोलिसांच्या गाड्या एका आइस्क्रीमच्या गाडीचा पाठलाग करीत त्याच्याच वस्तीकडे येतात. हे दृश्य आपल्या कॅमेऱ्यात सापडले तर आपले नाव होईल, या आशेने केविन बाहेर धावतो आणि त्या गडबडीत आयरिस नाहीशी होते. ती त्या गाडीत आहे असे कळल्यावर तो सायकलवरून पाठलाग करू लागतो. रस्तोरस्ती लोक फोन उंचावून उभे आहेत आणि त्यांच्यात कसलासा विकार पसरत चालला आहे. अखेरीस, ही चित्रे साऱ्या जगात पसरवायची की नाही, हा निर्णय केविनवर येऊन पडतो.

कल्पना म्हणून पाहता ही कथा मोठ्या मोलाची आहे. जवळच्या माणसापेक्षा त्याचे चित्र ज्याला अधिक प्रिय झाले, अशा माणसाची ती गोष्ट होऊ शकली असती. पाहण्याची हाव हाच एक साथीचा रोग आहे, हे सूचन २०१४ मध्ये समयोचित होते आणि आज तर ते अधिकच पटते. म्हणूनच आमची निराशा मोठी आहे. क्षुद्र विषय वाया गेला, तर कोणी हळहळत नाही.

पहिला दोष गुंफणीचा. अनेक कथांच्या चित्रपटाला एक भक्कम सूत्र लागते. १९४५ साली लंडनच्या ईलिंग स्टुडिओने काढलेला 'डेड ऑफ नाइट' या बाबतीत आजही आदर्श मानावा लागेल. एक वास्तुशिल्पज्ञ एका ग्रामीण घरात येतो आणि तेथील सर्व पाहुण्यांना आपण स्वप्नात पाहिले आहे असे सांगतो. मग एकेक पाहुणा आपला अनुभव कथन करतो, आणि प्रत्येक कथनागणिक त्या स्वप्नाचा फास आवळत जातो. चार दिग्दर्शक असूनही चित्रपट एकसंध वाटतो. 'व्हायरल'मध्ये केविनची धावपळ आणि इतर तीन कथा यांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. मालिकेच्या आधीच्या दोन भागांत निदान एखाद्या निर्जन घरात शिरलेली माणसे जुन्या फिती लावून पाहत असत. येथे त्या कोणी जमविल्या, कोण पाहत आहे, याचा पत्ता लागत नाही. मूळची चौथी स्वतंत्र कथा, टॉड लिंकन यांची 'गॉर्जस व्होर्टेक्स', प्रदर्शनापूर्वी वगळण्यात आली आणि नंतर घरगुती आवृत्तीत पुरवणी म्हणून जोडली गेली. एक संपूर्ण कथा काढली तरी कोठे फट पडली नाही, यावरूनच ही वीण किती सैल आहे ते कळते.

मालिकेचे नावही येथे पोरके झाले आहे. व्ही.एच.एस. कॅसेट ही एक वस्तू होती. आपल्या घरांतील कपाटांत विवाहाच्या, प्रथम कम्युनियनच्या कॅसेट अजूनही सापडतील. कॅसेट कोणीतरी जपून ठेवीत असे आणि कोणीतरी कोणाच्या तरी हाती देत असे. पहिल्या दोन भागांतील भीतीचा थोडा अंश त्या हस्तांतरणातच होता. 'व्हायरल'मधील चित्रे सर्वत्र आहेत आणि कोणाचीही नाहीत. हा फरकच चित्रपटाचा विषय होऊ शकला असता, पण दिग्दर्शकांनी त्याकडे ढुंकूनही पाहिलेले नाही.

'दान्ते द ग्रेट' ही ग्रेग बिशप यांची कथा. गावाबाहेरच्या फिरत्या घरांच्या वस्तीत राहणाऱ्या एका सामान्य जादूगाराला हुडिनीचा म्हणून समजला जाणारा झगा मिळतो. झगा खरोखरची जादू देतो, पण मोबदल्यात माणसे मागतो. कीर्तीसाठी सहायिकांचा बळी देत जाणारा हा माणूस म्हणजे फाउस्टच्या जुन्या कथेचाच नवा अवतार होय. बिशप यांनी ती मुलाखती आणि ध्वनिचित्रमुद्रणे एकत्र करून माहितीपटाच्या धर्तीवर मांडली आहे. जादूचे प्रयोग चटकदार आहेत. परंतु ऐन झटापटीच्या वेळी, जेथे चित्रण करणारा कोणी उभाच असू शकत नाही, अशा जागेवरून आपल्याला दृश्ये दिसू लागतात. दिग्दर्शकाने करार मोडला आहे, आणि त्या क्षणी प्रेक्षकही मोकळा होतो. समोर मरणारी माणसे मग पत्त्यांच्या डावासारखी वाटतात. आत्मा विकण्याची कथा सांगताना विकणाऱ्याच्या मनाची घालमेल दाखविली नाही, तर उरते ती केवळ हातचलाखी.

नाचो विगालोन्दो यांची 'पॅरलल मॉन्स्टर्स' ही तिन्हींतील सर्वांत सरस कथा, यात शंका नाही. 'टाइमक्राइम्स' (२००७) या चित्रपटात काळाच्या गुंत्याशी त्यांनी मोठ्या कौशल्याने खेळ केला होता. येथे आल्फोन्सो नावाचा स्पॅनिश संशोधक तळघरात एक दार बनवितो. दार उघडते तर पलीकडे त्याच्याच तळघरात तोच उभा, त्याच्याही हाती कॅमेरा! दोघे हसतात आणि पंधरा मिनिटांसाठी घरे बदलण्याचे ठरवितात. ही सुरुवातीची काही मिनिटे खरोखर सुंदर आहेत. येथे कॅमेरा का चालू आहे हे विचारावे लागत नाही. शोध लावणारा माणूस नोंद ठेवणारच. पलीकडचे घर आपल्यासारखेच, पण किंचित वाकडे. ओळखीच्या भिंतीवर अनोळखी चित्र असावे, तशी हुरहुर लागते.

आणि मग दिग्दर्शकाचा धीर सुटतो. पलीकडचे जग सैतानपूजकांचे आहे हे सांगण्यासाठी आकाशात उलट्या क्रुसाचे चिन्ह मिरविणारी वायुनौका तरंगते, आणि पुढे तर मानवी देहाची किळसवाणी विटंबना सुरू होते. तिचे वर्णन येथे करण्याची गरज नाही. देहाचा किळस आला की भीती निघून जाते, एवढेच कलेच्या दृष्टीने सांगता येईल. उलट्या क्रुसाविषयी मात्र दोन शब्द लिहिले पाहिजेत. आपल्या प्रभूप्रमाणे मरण्याची आपली योग्यता नाही, म्हणून संत पेत्राने स्वतःला उलटे क्रुसावर चढविण्याची विनंती केली, अशी ख्रिस्तसभेची प्राचीन परंपरा आहे. काराव्हाज्जो यांनी १६०१ च्या सुमारास रंगविलेले ते दृश्य रोममधील सांता मारिया देल पोपोलो या चर्चमध्ये आजही पाहावयास मिळते. म्हणजे ज्या चिन्हाला ख्रिस्तसभा नम्रतेची खूण मानीत आली, ते चित्रपटांनी सैतानाची पाटी करून टाकले. यात आमच्या भावना दुखावल्या म्हणून आम्ही तक्रार करीत नाही. आमची तक्रार आळसाविषयी आहे. स्पेनसारख्या कॅथलिक परंपरेच्या देशातून आलेल्या दिग्दर्शकाला या चिन्हाचे दोन अर्थ एकमेकांसमोर उभे करून विलक्षण अस्वस्थता निर्माण करता आली असती. एकाच माणसाची दोन रूपे ज्या कथेत समोरासमोर आली आहेत, तिला याहून योग्य प्रतीक कोणते मिळाले असते? त्यांनी बाजारात तयार मिळणारा अर्थ उचलला.

तिसरी कथा 'बोनस्टॉर्म' जस्टिन बेन्सन आणि आरन मूरहेड यांची. स्केटबोर्डवर कसरती करणारी काही अमेरिकन मुले चित्रणासाठी सीमा ओलांडून मेक्सिकोतील तिहुआना शहरात जातात. तेथील एका कोरड्या कालव्यात जमिनीवर काढलेल्या चिन्हावर रक्त सांडते आणि कोठून तरी आलेला एक अघोरी पंथ त्यांच्यावर तुटून पडतो. मुलांच्या शिरस्त्राणांवर कॅमेरे बसविलेले आहेत. त्यामुळे कॅमेरा खाली का ठेवला नाही, या प्रश्नाला यंत्रानेच उत्तर दिले आहे, आणि नेमकी तेथेच कथा निर्जीव होते. कारण आता चित्रण करण्याचा निर्णय कोणीच घेत नाही. दीर्घकाळ चाललेली मारामारी एखाद्या संगणकीय खेळासारखी वाटते. मारणारी मुले हसतात, आणि मरणारे कोण, कोणत्या श्रद्धेचे, हे कोणी विचारीत नाही. मेक्सिको म्हणजे सांगाडे आणि नरबळी, हे समीकरण तर फारच स्वस्त. मृतांच्या स्मरणासाठी घराघरांत फुले व मेणबत्त्या मांडून नोव्हेंबरच्या आरंभी प्रार्थना करणारा तो देश आहे. आपणही त्याच दिवसांत मृतांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतो. तेव्हा ही अवहेलना आपल्याला परकी वाटू नये. याच दिग्दर्शकद्वयाने 'रेझोल्यूशन' (२०१२) मध्ये व्यसनाधीन मित्राला वाचविण्यासाठी त्याला बेडी घालून सोबत बसणाऱ्या मित्राची कथा किती हळुवारपणे रंगविली होती! प्रतिभेची वाण नव्हती. या चित्रपटात तिला कामच दिले गेले नाही.

या चित्रपटाचे समर्थक म्हणतील, की हा उथळपणा हेतुपुरस्सर आहे. चित्रांच्या हावेने पोकळ झालेले जग दाखवावयाचे तर चित्रपटही पोकळच दिसणार. हा युक्तिवाद आम्ही गांभीर्याने घेतो, पण तो आम्हाला पटत नाही. १९८० सालच्या 'कॅनिबल होलोकॉस्ट' या इटालियन चित्रपटाने चित्रीकरण करणाऱ्यांच्या क्रौर्याचा निषेध करण्याचा आव आणला आणि त्याच चित्रपटासाठी खरोखरच्या प्राण्यांची हत्या केली. निषेध करताना तेच कृत्य करणे ही या प्रकाराला जडलेली जुनी व्याधी आहे. याउलट दिबाकर बॅनर्जी यांचा 'लव्ह सेक्स और धोखा' (२०१०) हा हिंदी चित्रपट पाहावा. तो भयपट नाही आणि लहानांसाठीही नाही. पण विद्यार्थ्याचा कॅमेरा, दुकानातील टेहळणीचा कॅमेरा आणि छुपा कॅमेरा अशा तीन दृष्टींतून तीन कथा सांगताना त्याने चित्रण करणाऱ्याला प्रत्येक वेळी जाब विचारला आहे. दुकानातील मुलीची फसवणूक करू पाहणारा तरुण क्षणभर कचरतो, आणि त्या एका क्षणात आपल्याला त्याचा विवेक दिसतो. केविनला असा क्षण लाभत नाही. निर्णयाची घडी येते तेव्हा पडद्यावर इतका गोंगाट माजलेला असतो, की त्या निर्णयाला वजन उरत नाही.

आमच्या मते या चित्रपटाची खरी उणीव हीच आहे. रक्तपाताचे प्रमाण, शिवराळ भाषा, अश्लीलता हे दोष आहेतच, आणि त्यांच्यामुळे हा चित्रपट मुलांना दाखविण्याजोगा नाही, हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. तथापि संयम राखूनही तो अपुराच राहिला असता, कारण त्यातील कॅमेऱ्यामागे कोणी जबाबदार माणूस नाही.

वाचकहो, हा प्रश्न पडद्यापुरता नाही. रस्त्यावर अपघात होतो आणि जखमी माणसाला हात देण्याआधी फोन बाहेर निघतात, हे दृश्य आज कोणाला अपरिचित आहे? अंत्यविधीच्या वेळी शवपेटीभोवतीसुद्धा आता फोन उंचावलेले दिसतात. भल्या शोमरोनीच्या दाखल्यातील याजक आणि लेवी जखमी माणसाला पाहून दुसऱ्या बाजूने निघून गेले. आजचा वाटसरू थांबतो खरा, पण चित्रणापुरता. 'व्हायरल'ने ही गोष्ट सांगायला घेतली होती. ती नीट सांगितली असती, तर आम्ही तिच्यातील भीतीसकट तिचे स्वागत केले असते.

'इंतेर मिरिफिका'ने प्रेक्षकांवरही, विशेषतः तरुणांवर, एक कर्तव्य सोपविले आहे. माध्यमांचा उपयोग संयमाने करावा आणि जे पाहिले त्याची जाणत्यांशी चर्चा करावी, असे ते आदेशपत्र सुचविते. पालकांना त्यात पहारेकऱ्याची जबाबदारी दिलेली आहे. पण मोठ्या मुलांच्या बाबतीत नुसता पहारा पुरत नाही. मुलाने असा चित्रपट पाहिला असे कळले, तर 'हे पाहिलेसच का?' या प्रश्नाने संभाषण संपते. त्याऐवजी 'कॅमेरा कोणाच्या हाती होता, आणि त्याने तो खाली ठेवून काय करायला हवे होते?' असे विचारून पाहावे. चित्रपटाच्या चारही दिग्दर्शकीय विभागांनी ज्या प्रश्नाला बगल दिली, त्याचे उत्तर एखादा सोळा वर्षांचा मुलगा जेवणाच्या टेबलावर सहज देऊ शकेल.

ज्यांना या प्रकाराची खरोखर गोडी आहे, अशा प्रौढ रसिकांनी 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' पुन्हा एकदा पाहावा आणि जुन्या 'डेड ऑफ नाइट'साठी एक संध्याकाळ राखून ठेवावी. प्रस्तुत चित्रपटातील विगालोन्दो यांच्या कथेची पहिली काही मिनिटे, ते तळघर आणि ते दोन आल्फोन्सो, स्मरणात राहतील. बाकीचा चित्रपट चुकला, तर काही गमावले असे होणार नाही.